डेव्हिस चषक आणि आपला विभाग



डेव्हिस चषक हें नांव आपल्यापैकीं बहुतेकांच्या कानांवरून गेलें असेल. परंतु वर्तमानपत्रांत कित्येक वर्षें या नांवामागें जी शेपटी जोडलेली असे, ‘आशिया-ओशनिया विभाग, गट पहिला’, तिचा अर्थ विचारला तर चांगलीं शिकलेलीं माणसेंहि क्षणभर अडखळतात. मीहि अडखळलों होतों. आणि तेंहि एका नऊ वर्षांच्या मुलापुढें, जन्मभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरें देण्याचा व्यवसाय केल्यावर.

२०१७ सालच्या फेब्रुवारींत पुण्यास बालेवाडीच्या श्रीशिवछत्रपति क्रीडासंकुलांत भारत व न्यूझीलंड यांची लढत होती. पनवेलीहून घाट चढला कीं पुणें कांहीं दूर नाहीं. नातवास घेऊन मी शनिवारीं सकाळींच एस्. टी.नें निघालों. लोणावळें येतें न येतें तोंच त्यानें विचारलें, ‘‘आजोबा, ही फायनल आहे का?’’ नाहीं. ‘‘मग सेमीफायनल?’’ तीहि नाहीं. ‘‘मग आपण कशाला चाललों आहोंत?’’ त्या दिवशीं मीं कांहीं तरी सांगून वेळ मारून नेली. आज तें उत्तर नीट देण्याचा विचार आहे.

हा चषक म्हणजे चांदीचें एक मोठें पात्र आहे. ड्वाइट डेव्हिस नांवाच्या हार्वर्ड विद्यापीठांतील एका तरुण विद्यार्थ्यानें तें १९०० सालीं देणगी म्हणून दिलें, आणि त्याच वर्षीं बोस्टन येथें अमेरिका व ब्रिटन या दोनच देशांत पहिली लढत झाली. दोघांनाच खेळावयाचें असल्यावर विभाग कसले नि गट कसले! पुढें एकेक राष्ट्र येऊन मिळालें. हिंदुस्थान १९२१ सालीं प्रथम उतरला. जेकब, सलीम प्रभृति आपल्या खेळाडूंनीं पॅरिसला फ्रान्सचा पराभव केला आणि पुढची लढत जपानशीं, ती मात्र अमेरिकेंत शिकागोस! दोन आशियाई देशांनीं एकमेकांशीं खेळण्याकरितां महासागर ओलांडून तिसऱ्याच खंडांत जावयाचें, हा प्रकार आगबोटींच्या काळांत किती वेळखाऊ व खर्चाचा असेल याची कल्पना करावी. तेव्हां १९२३ पासून युरोप व अमेरिका असे दोन विभाग पाडण्यांत आले. आणि १९५० नंतरच्या दशकांत पूर्वेकडील देशांचा स्वतंत्र विभाग निघाला. आशिया-ओशनिया विभाग हें त्याचेंच पुढचें रूप.

आमच्या रायगड जिल्ह्यांत कबड्डीचें वेड फार. तालुक्याचा संघ जिल्ह्यास जातो, जिल्ह्याचा राज्याच्या स्पर्धेस. विभागाची कल्पना मुळांत याहून निराळी नाहीं. फरक होता तो एवढाच कीं, १९७२ पूर्वीं गतवर्षीचा विजेता देश वर्षभर कोणाशींहि खेळत नसे. सारे विभाग आपसांत झुंजून जो एक देश शिल्लक राही, त्याच्याशीं तेवढी एक लढत तो आपल्याच मैदानावर देई. गतवर्षीच्या मल्लानें आखाड्याच्या कडेला बसावें आणि दिवसभर घाम गाळलेल्याशीं संध्याकाळीं ताज्या अंगानें हात मिळवावा, तशांतला हा न्याय. तो बंद झाला हें बरें झालें.

१९८१ सालीं आणखी एक पालट झाला. सोळा बलिष्ठ राष्ट्रांचा एक जागतिक गट करण्यांत आला, आणि बाकीचीं राष्ट्रें आपापल्या विभागांत राहिलीं. पुढें विभागांतहि पहिला, दुसरा, तिसरा असे गट पडले. पहिल्या गटांत शेवटपर्यंत टिकणाऱ्या देशाची गांठ जागतिक गटांतील पहिल्या फेरींत हरलेल्या देशाशीं घालावयाची. जिंकला तर वर, हरला तर पुन्हां विभागांत. शाळेंत नापास झालेला मुलगा निदान त्याच इयत्तेंत बसतो. येथें त्याला खालच्या इयत्तेंत पाठवीत. मास्तर म्हणून मला ही पद्धत कठोर वाटते, परंतु तिच्यामुळें खालच्या गटांतल्या सामन्यांनाहि जीव आला हें कबूल केलें पाहिजे.

आतां प्रत्यक्ष लढतीविषयीं. जुन्या रीतीनें ती तीन दिवस चाले. शुक्रवारीं एकेरीचे दोन सामने, शनिवारीं दुहेरीचा एक, रविवारीं एकेरीचेच दोन, पण प्रतिस्पर्धी उलट करून. पांचांपैकीं तीन जिंकील तो देश विजयी. एरवीं टेनिसचा खेळाडू एकट्यानें, स्वतःच्या नांवासाठीं खेळतो. येथें मात्र पंचाच्या उच्चासनाजवळ कर्णधार खुर्ची टाकून बसतो, दोन गेममधील विसाव्यांत खेळाडूस चार शब्द सांगतो, आणि पंच गुण पुकारतांना खेळाडूचें नव्हे तर देशाचें नांव घेतो.

लढत कोणाच्या घरीं व्हावयाची हें पाळीपाळीनें ठरतें. मागची तुमच्याकडे झाली असेल तर ही आमच्याकडे. पहिलीच गांठ असेल तर चिठ्ठ्या टाकून. यजमान देशानें गांव निवडावें, मैदानहि निवडावें, आणि या निवडींत अर्धी लढाई असते. १९८७ सालीं दिल्लीच्या हिरवळीवर भारतानें अर्जेंटिनास हरविलें. तेथील खेळाडू लाल मातीवर वाढलेले; हिरवळीवर चेंडू सरपटत, खालून येतो, त्याची त्यांना संवय नव्हती. त्याच वर्षीं आपण अंतिम लढतीस स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें गेलों. यजमानांनीं बंदिस्त सभागृहांत मातीचें मैदान तयार केलें होतें. आपला पांच-शून्य असा पराभव झाला. दोहोंत अन्याय कोठेंच नव्हता.

अंतिम लढतीपर्यंत भारत तीन वेळां पोंचला : १९६६, १९७४ व १९८७. यांपैकीं १९६६ सालीं कलकत्त्यास ब्राझीलच्या थॉमस कॉखविरुद्ध रामनाथन् कृष्णन् दोन सेटांस एक असा मागें होता, चौथ्या सेटमध्यें दोन-पांच होता, आणि तरीहि तो सामना त्यानें जिंकला. मेलबोर्नला ऑस्ट्रेलियानें आपणांस चार-एक असें हरविलें. पण दुहेरींत कृष्णन् व जयदीप मुखर्जी यांनीं न्यूकोंब-रोश या मातबर जोडीवर विजय मिळविला.

१९७४ची हकीगत आपल्या महाराष्ट्राच्या अधिक जवळची आहे. मी तेव्हां नुकताच मॅट्रिक झालों होतों. पूर्व विभागाच्या अंतिम लढतींत कलकत्त्यास आपण ऑस्ट्रेलियावर तीन-दोन अशी मात केली. पांच सामन्यांत मिळून ३२७ गेम झाले. त्या काळीं या स्पर्धेंत टायब्रेक नव्हता, तो १९८९ सालीं आला. तेव्हां सेट लांबला कीं लांबतच जाई. विभाग जिंकून आपण पुढें गेलों आणि सप्टेंबरांत सोव्हिएट रशियाशीं पुण्यास डेक्कन जिमखान्यावर गांठ पडली. विजय व आनंद अमृतराज हे बंधु आपल्याकडून, तर त्यांच्याकडे मेत्रेवेली. आम्ही पोरें पनवेलीच्या वाचनालयांत एका वर्तमानपत्रावर पांच-सहाजण वांकून निकाल वाचीत होतों. तीन-एक असा भारताचा विजय! अंतिम लढत तेवढी राहिली.

ती झाली नाहीं. समोर दक्षिण आफ्रिका होती, आणि तेथील वर्णद्वेषी राजवटीशीं क्रीडासंबंध ठेवावयाचे नाहींत अशी भारताची भूमिका होती. आपण खेळलों नाहीं. चषक न खेळतां आफ्रिकेकडे गेला. या स्पर्धेच्या इतिहासांत अंतिम लढत न होतां चषक दिला गेला तो त्या एकाच वर्षीं. वाचनालयांत त्यावर मोठा वाद झाला. सतरा वर्षांच्या वयांत मला तो निर्णय मुळींच पटला नव्हता. हातचा घांस टाकला असें वाटलें. पुढें वर्गांत दक्षिण आफ्रिकेचा धडा शिकवूं लागलों तेव्हां मत बदललें. मात्र त्या खेळाडूंना काय वाटलें असेल, हा विचार अजून मनांतून जात नाहीं.

बालेवाडीच्या त्या शनिवारीं आम्ही जाऊन बसलों तेव्हां भारत दोन-शून्यनें पुढें होता. शुक्रवारीं युकी भांब्री व रामकुमार रामनाथन् यांनीं आपापले सामने सरळ तीन सेटांत जिंकले होते. दुहेरींत लिअँडर पेस व विष्णुवर्धन. पेसच्या नांवावर डेव्हिस चषकांतील दुहेरीचे ४२ विजय होते, इटलीच्या निकोला पिएत्रांजेलीइतकेच. आणखी एक मिळतांच तो जगांत एकटाच पहिला ठरणार होता. सारे लोक त्याकरितांच आलेले. पहिला सेट आपण घेतला. पुढचे तिन्ही सिटाक व व्हीनस या न्यूझीलंडच्या जोडीनें घेतले. चौथा सेट संपला तेव्हां नातू गप्प होता. बऱ्याच वेळानें म्हणाला, ‘‘फायनल नसली तरी चालेल.’’

रविवारीं उरलेले दोन्ही सामने जिंकून भारत चार-एक असा विजयी झाला. पेसचा ४३ वा विजय २०१८च्या एप्रिलमध्यें चीनमधील तिआनजिन येथें, रोहन बोपण्णाच्या साथीनें आला. तीहि याच विभागांतील लढत होती, आणि पहिल्या दिवशीं दोन-शून्य मागें पडलेल्या भारतानें ती तीन-दोन अशी जिंकली.

एवढें असून विभागाच्या उंबरठ्यावरच आपलें गाडें अडत राहिलें हेंहि सांगितलें पाहिजे. २०१४ ते २०१८ अशीं पांच वर्षें भारत दर वेळीं विभाग जिंकून दारापर्यंत गेला, आणि सर्बिया, चेक प्रजासत्ताक, स्पेन, कॅनडा व पुन्हां सर्बिया यांनीं क्रमानें परत पाठविला. शेजाऱ्यांत मोठें होणें आणि जगांत मोठें होणें यांत अंतर आहे.

२०१९ पासून सारी घडीच बदलली. अखेरच्या फेऱ्या एकाच ठिकाणीं भरूं लागल्या, आणि २०२०पासून विभागांतील पहिले दोन गट मोडून त्यांच्या जागीं जगांतील सर्व खंडांना एकत्र करणारे दोन गट आले. विभाग आतां तिसऱ्या गटापासून खालीं उरला आहे. तेथें लहान राष्ट्रें एका गांवीं जमून आठवड्याभरांत साखळी सामने खेळतात, दोन एकेरी व एक दुहेरी. स्त्रियांच्या बिली जीन किंग चषकाचा आशियाई पहिला गट एप्रिल २०२५ मध्यें बालेवाडीस असाच साखळी पद्धतीनें झाला. सहा देश होते, त्यांतून भारत व न्यूझीलंड पुढें गेले. भारतीय पुरुषांची विभागांतली शेवटची लढत नोव्हेंबर २०१९ मध्यें पाकिस्तानशीं, कझाकस्तानच्या राजधानींत झाली. ती आपण चार-शून्यनें जिंकली.

या बदलाबद्दल माझें मन दुभंगलेलें आहे. तीन दिवसांची लढत दोन दिवसांची झाली, पांच सेटांचे सामने तीनांचे झाले. कृष्णन्‌नें कॉखवर मिळविलेल्या विजयासारखा विजय आतां संभवतच नाहीं. दुसऱ्या बाजूनें, पूर्वीं विभाग जिंकल्याखेरीज युरोपचें दर्शन होत नसे, तें आतां लवकर होतें. २०२३ सालीं डेन्मार्कशीं हरून आपण आणखी एक पायरी खालीं उतरलों, आणि सप्टेंबर २०२५ मध्यें स्वित्झर्लंडला त्यांच्याच बीएल शहरीं तीन-एक असें हरविलें. युरोपांत जाऊन युरोपीय संघाला हरविण्याची ही १९९३ नंतरची पहिलीच वेळ.

बीएलचा निकाल मला नातवानेंच सांगितला. तो आतां कॉलेजांत जातो. मीं विचारलें, ‘‘ही फायनल होती का रे?’’