मुंबई ते नागपूर: विमानाचं अंतर किती आणि वेळ किती?

मुंबई ते नागपूर विमानाचं अंतर मोबाईलवर लगेच सापडतं. पण संशोधनाकडे वळणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारायला हवा: हे अंतर काढलं कसं? चला, वहीवरच करून बघू.

मुंबई विमानतळ साधारण १९.०९ अक्षांश, ७२.८७ रेखांशावर आहे आणि नागपूरचा २१.०९, ७९.०५ वर. म्हणजे अक्षांशात २ अंशांचा आणि रेखांशात ६.१८ अंशांचा फरक. प्रत्येक अंश १११ कि.मी. धरून पायथागोरस लावला, तर उत्तर येतं ७२१ कि.मी. दिसायला ठीक, पण चूक!

कारण ध्रुवाकडे जाताना रेखावृत्तं एकमेकांजवळ येतात. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११ कि.मी., आपल्या मानवतला सुमारे १०५ आणि लंडनला जेमतेम ६९ कि.मी. भरतो. म्हणून रेखांशातल्या फरकाला अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. इथे मधला अक्षांश २० घेऊ, त्याचा कोसाइन ०.९४. आता अंतर येतं ६८२ कि.मी. एका गुणाकाराने ३९ कि.मी. कमी झाले. मुंबई ते लंडन अशा सुमारे ७,२०० कि.मी.च्या अंतराला मात्र ही युक्ती पुरत नाही. तिथे गोलावरचं बृहद्वृत्ताचं सूत्रच वापरावं लागतं.

आता वेळ बघा. ताशी ८०० कि.मी. वेग धरला तर ६८२ कि.मी.ला ५१ मिनिटं पुरतात. वेळापत्रकात मात्र साधारण दीड तास दिसतो. कारण तिथला वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि मुक्कामी जागेवर थांबलं की संपतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, चढताना-उतरताना कमी असलेला वेग, वळणाचा मार्ग आणि उशीर झालाच तर म्हणून धरलेली थोडी जास्तीची मिनिटं, हे सगळं त्यात येतं. शिवाय वारा असतोच. उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांमुळे लंडनहून मुंबईला यायला सहसा जाण्यापेक्षा कमी वेळ लागतो. अंतर तेच, वेळ वेगळा.

याचा तुमच्या प्रबंधाशी काय संबंध? समजा, तुम्ही परभणी जिल्ह्यातल्या गावांचं आरोग्य केंद्रापासूनचं अंतर मोजताय. अक्षांश-रेखांश तसेच्या तसे पायथागोरसमध्ये टाकले, तर पूर्व-पश्चिमेची गावं उगाच लांब दिसतील. अंतर बरोबर काढलं तरी ते सरळ रेषेतलं. पेशंटला लागणारा वेळ रस्ता, नाला आणि एसटी ठरवते. ‘दूरचं गाव’ कुठलं, हा तुमचा निष्कर्षच यावर बदलू शकतो.

म्हणून तक्त्यात नुसतं ‘अंतर’ लिहू नका. कुठून कुठे, सरळ रेषेत की रस्त्याने, कोणत्या सूत्राने, हे लिहा. वेळेचंही तसंच: घड्याळ कधी सुरू केलं आणि कधी थांबवलं, ते आधी ठरवा. व्हायव्हामध्ये हा प्रश्न येऊ शकतो, आणि त्याचं उत्तर आकडे गोळा करण्याआधीच तयार असलं पाहिजे.