टॅबलेटचा माळा आवरताना

आईवडील सहा महिन्यांसाठी इकडे आले, की त्यांचा टॅबलेटही येतो, आणि नेमका नातवंडांचे फोटो काढताना ‘जागा शिल्लक नाही’ म्हणून अडून बसतो. मंडळी, नवा घ्यायची घाई नको! ३२ जीबीतली बरीच जागा अँड्रॉइड स्वतःच अडवतं. उरलेल्यात सुप्रभातची फुलं. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. मोठे व्हिडिओ आणि गावभर फिरलेले फॉरवर्ड तिथे वेगळे मांडलेले असतात. ते खुशाल काढा. पण गेलेल्या माणसाचा आवाज एखाद्या जुन्या व्हॉइस मेसेजमध्ये असतो, बरं का. तो आधी लॅपटॉपवर उतरवा, मगच झाडू हातात घ्या.

‘क्लिअर कॅशे’ बिनधास्त दाबा. शेजारचं ‘क्लिअर स्टोरेज’ मात्र नको; व्हॉट्सॲपवर ते दाबलंत आणि बॅकअप नसला, तर सगळ्या गप्पा गेल्याच!

गूगल फोटोजमधलं ‘फ्री अप स्पेस’ बॅकअप झालेल्या प्रतीच टॅबलेटवरून काढतं. त्याच ॲपमध्ये ‘डिलीट’ केलंत, तर बॅकअपमधूनही फोटो जातो. १ जून २०२१ पासून चढवलेले फोटो फुकटच्या १५ जीबीत मोजले जातात, हेही ध्यानात असू द्या. चुकून काही गेलंच, तर बॅकअप झालेला फोटो ६० दिवस ‘ट्रॅश’मध्ये सापडतो.