जागच्या जागी सायकल

सायकल चालवणे एकदा अंगवळणी पडले, की ते जन्मभर विसरत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती खरीही आहे. भाड्याच्या दुकानातून तासाच्या हिशेबाने मोठ्या माणसाची सायकल आणावी, सीटवर बसून पाय पोचत नाहीत म्हणून दांडीखालून पाय घालून ती रेटावी, चारदोन वेळा गुडघे फोडून घ्यावेत आणि एके दिवशी अवचित तोल साधावा, अशा रीतीने सायकल शिकलेली माणसे महाराष्ट्रात गावोगाव आढळतात. पुणे तर एके काळी सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. त्यामुळे मोठ्या शहरांतील व्यायामशाळांत ‘इनडोअर सायकलिंग’ किंवा ‘स्पिनिंग’ या नावाने जे सामुदायिक वर्ग चालतात, त्यांना प्रथमच जाणाऱ्या प्रौढ माणसास साहजिकच वाटते, की येथे शिकण्यासारखे असे काय आहे? सायकल जागची हलत नाही, तोल सांभाळावयास नको, रहदारी नाही की खड्डे नाहीत. परंतु पहिल्या दिवशी त्रास होतो तो बहुधा याच समजुतीमुळे.

ही सायकल दिसावयास सायकलीसारखी असली, तरी वागावयास तशी नाही. तिला चाक एकच असते व तेही जमिनीस टेकत नाही. हे ‘फ्लायव्हील’ नावाचे जड चाक, पुष्कळदा पंधरा-वीस किलो वजनाचे, पेडलांशी पट्ट्याने वा साखळीने थेट जोडलेले असते. रस्त्यावरच्या सायकलीत पाय थांबले तरी चाक फिरत राहते आणि उतारावर माणूस निवांत बसून वारा खातो. ही सोय ‘फ्रीव्हील’ची. वर्गातील बहुतेक सायकलींत ती नसते. जड चाकाला एकदा गती आली, की पाय थांबवले तरी चाक थांबत नाही. उलट तेच पेडलांना फिरवते आणि पेडले पायांना ओढून नेतात. जुन्या सवयीने मध्येच पाय रोखू पाहणाऱ्याच्या गुडघ्यास यामुळे चांगलाच हिसका बसतो. म्हणून पहिल्या वर्गात सर्वांत आधी शिकावयाचे ते सायकल थांबवणे. हँडलच्या खाली दांडीवर एक गोल खुंटी असते. ती फिरवल्याने पेडलांचा जडपणा कमीअधिक होतो आणि बहुतेक यंत्रांत तीच खाली दाबली असता चाक तत्काळ थांबते. वर्ग सुरू होण्यापूर्वी हे दोनदा करून पाहिले म्हणजे निम्मी धास्ती नाहीशी होते.

स्थिर सायकल ही काही आजकालची वस्तू नव्हे. १९१२ साली बुडालेल्या ‘टायटॅनिक’ जहाजावरील व्यायामशाळेतही अशा सायकली होत्या. तथापि मंद प्रकाश, मोठ्याने चाललेले संगीत आणि पुढे बसून सूचना देणारा प्रशिक्षक, हे आजच्या वर्गाचे रूप मात्र अलीकडचे आहे. मूळच्या दक्षिण आफ्रिकेतील आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या जॉनी गोल्डबर्ग या सायकलपटूने लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या सरावासाठी १९८० नंतरच्या दशकात हा प्रकार सिद्ध केला आणि पुढील दशकात तो जगभर पसरला. सारांश, याचा उगम मुरलेल्या खेळाडूच्या सरावात आहे. नवख्या माणसाने ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

ती का, याचे उत्तर वैद्यकशास्त्रात सापडते. २०१७ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात काही डॉक्टरांनी अशा वर्गानंतर रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांना झालेल्या विकाराचे नाव ‘ऱ्हॅब्डोमायोलिसिस’. शरीरास सवय नसलेले अतिश्रम एकाएकी घडले, की स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतील मायोग्लोबिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते आणि ते गाळता गाळता मूत्रपिंडे निकामी होण्याची वेळ येऊ शकते. त्या सुमारास अशा वर्गांनंतर हा विकार झाल्याच्या किमान ४६ घटनांची नोंद होती आणि त्यांपैकी ४२ जणांचा तो पहिलाच वर्ग होता! विकार विरळा आहे, यात शंका नाही. त्याच्या भयाने व्यायाम सोडण्याचे कारण नाही. पण पहिल्या दिवसाचे हे प्रमाण बोलके आहे. मांडीचे स्नायू शरीरातील सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी. येथे ते पाऊण तास विसाव्याविना राबतात, आणि शेजारचा थांबत नाही म्हणून हाही थांबत नाही. दुसऱ्या एखाद्या व्यायामात तरबेज असलेला मनुष्य तर अधिकच फसतो, कारण त्याची छाती आणि जिद्द दमत नाही. दमलेल्या असतात त्या केवळ मांड्या.

तयारीस आदल्या दिवसापासूनच आरंभ करावा. रक्तदाब, हृदयविकार किंवा मधुमेह असणाऱ्यांनी, तसेच ज्यांनी अनेक वर्षांत कसलाच व्यायाम केलेला नाही अशांनी, डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. वर्गापूर्वी दीड-दोन तास हलका आहार पुरे. एखादे केळे अथवा थोडे पोहे चालतील. भरल्या पोटी जाणे वाईट आणि अगदी उपाशी जाणेही वाईट. पाण्याविषयी मात्र हयगय नको. रस्त्यावर सायकलस्वाराच्या अंगावरून सतत वारा वाहतो आणि घाम वाळून अंग निवते. बंद दालनात माणूस पुढे सरकतच नाही, मग वारा येणार कोठून? घाम निथळतो, पण वाळत नाही, आणि अंगाची आग होते. मुंबईसारख्या दमट हवेत हे विशेष जाणवते. म्हणून पाण्याची बाटली व टॉवेल हाताशी असावा आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे. कपडे अंगाबरोबर बसणारे असावेत. सैल पायघोळ विजार, ओढणी किंवा बुटांची लोंबती नाडी फिरत्या पेडलात अडकू शकते. खास बूट विकत घेण्याची घाई करू नये. कडक तळव्याचा साधा बूट पेडलाच्या पट्ट्यात नीट बसतो.

वर्गास पंधरा मिनिटे आधी पोचावे व आपण नवखे आहोत, हे प्रशिक्षकास निःसंकोच सांगावे. संकोचाने हे न सांगणारे पुष्कळ असतात. त्या पंधरा मिनिटांत जे करावयाचे, ते उरलेल्या पाऊण तासाहून महत्त्वाचे मानावे लागेल. सायकलीशेजारी उभे राहून सीट कंबरेच्या हाडाच्या उंचीला आणावी. मग वर बसून एक पेडल अगदी खाली न्यावे: त्या पायाचा गुडघा जवळजवळ सरळ, पण किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट ठेंगणी राहिली तर गुडघ्याच्या वाटीवर भार येतो, फार उंच झाली तर कंबर डावीउजवीकडे डोलू लागते. नवशिके बहुधा सीट ठेंगणी ठेवतात, कारण पाय जमिनीस टेकावेत ही रस्त्यावरची सवय. येथे पडण्याचे भय नाही, हे पायांना ठाऊक नसते. त्यानंतर दोन्ही पेडले सारख्या उंचीवर आणावीत आणि पुढच्या पायाचा गुडघा पेडलाच्या आसाच्या बरोबर वर येईल इतकी सीट पुढे-मागे सरकवावी. पाऊल पेडलावर ठेवताना बोटांमागचा रुंद भाग मध्यावर यावा, टाच नव्हे. हँडल सीटच्या बरोबरीस वा थोडे वर असले, की पाठीस ताण पडत नाही. सर्व खुंट्या घट्ट आवळल्या आहेत ना, हे हलवून पाहावे.

वर्ग सुरू झाल्यावर प्रशिक्षक चढ सांगतो, उतार सांगतो, सीटवरून उठावयास सांगतो. यांपैकी सर्व काही पाळलेच पाहिजे असा दंडक नाही. किती जड ठेवावयाचे, ते खुंटी ज्याच्या हातात आहे त्याने ठरवावे. चाचणी सोपी आहे: धापा न टाकता एखादे वाक्य बोलता येते, तोपर्यंत ठीक, बोलणे तुटू लागले, की जडपणा उतरवावा. मात्र तो पार नाहीसाही करू नये. खुंटी पूर्ण सैल सोडून पाय भरमसाट वेगाने फिरवले, की शरीर सीटवर आदळू लागते व पाय यंत्राच्या ताब्यात जातात. उभे राहून चालवण्याचा मोह पहिल्या दिवशी टाळलेला बरा. अर्ध्या वर्गात सायकल थांबवून बाहेर पडण्यातही कमीपणा नाही. मात्र एकदम उतरू नये. दोनचार मिनिटे हळूहळू पेडल मारून मग उतरावे, नाही तर रक्त पायांतच साचून भोवळ येते.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील आणि बसण्याची हाडेही ठणकतील. सीटचे हे दुखणे चारसहा वर्गांत आपोआप जाते. परंतु मांड्या सुजून टणक झाल्या, जिना उतरणे अशक्य झाले किंवा लघवीस कोऱ्या चहासारखा रंग आला, तर स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेत घरी पडून न राहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. काही वेदनाशामक औषधांचा भार मूत्रपिंडांवरच पडतो. तसे काही नसल्यास दोन दिवस विश्रांती घेऊन दुसऱ्या वर्गास जाण्यास हरकत नाही. सीटच्या व हँडलच्या खांबांवर बहुधा आकडे किंवा अक्षरे कोरलेली असतात. पहिल्या दिवशी जमलेले आकडे टिपून ठेवले, म्हणजे दुसऱ्या वेळी निराळी सायकल वाट्यास आली तरी तशाच बनावटीच्या यंत्रावर मापे पुन्हा घेत बसावे लागत नाही.