मंगरुळपीरचं स्पेलिंग 'पीआयआर' की 'पीईईआर'? टर्मिनलमध्ये टॅब दाबा, उत्तर मिळेल

वाशिम जिल्ह्यात सहा तालुके आहेत: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा. समजा, या सहा नावांच्या फाइल्स तुमच्या लिनक्स कॉम्प्युटरवर आहेत आणि नावं इंग्रजी स्मॉल अक्षरांत आहेत. त्यातली एक डिलीट करायची आहे.

टर्मिनलमध्ये 'आरएम' ही आज्ञा दिली की फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट उडते. म्हणून नाव चुकलं तर महागात पडतं. इथेच टॅब कम्प्लिशन कामाला येतं.

नेमकं होतं काय?

'आर' टाइप करून टॅब दाबा. रिसोड एकच असल्याने पूर्ण नाव आपोआप येतं. 'एम' टाइप करून टॅब दाबलं, तर शेल फक्त 'एमए'पर्यंत जातो. कारण मालेगाव, मंगरुळपीर आणि मानोरा या तिन्हींची सुरुवात तीच आहे. आता लागोपाठ दोनदा टॅब दाबा, तिन्ही नावं दिसतील. पुढे 'एल' टाइप केलं की मालेगाव पक्कं. 'एन' टाइप केलं, तर दोन नावं उरतात, आणखी एक अक्षर द्यावं लागतं.

म्हणजे स्पेलिंग पाठ असण्याची गरज नाही. फाइलला जे नाव दिलंय, तेच समोर येतं.

सेटिंग कसं करायचं?

बॅश शेलमध्ये फाइलची नावं आधीपासूनच पूर्ण होतात. आज्ञांचे पर्यायही हवे असतील, तर उबुंटूवर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल बॅश-कम्प्लिशन' ही आज्ञा इंग्रजीत द्या आणि नवं टर्मिनल उघडा.

कॅपिटल-स्मॉलचा घोळ टाळायचा असेल, तर होम फोल्डरमधल्या 'डॉट इनपुटआरसी' फाइलमध्ये 'सेट कम्प्लिशन-इग्नोर-केस ऑन' ही ओळ टाका. फाइल नसेल तर तयार करा.

मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून झेडशेल मिळतो. त्याच्या 'डॉट झेडएसएचआरसी' फाइलमध्ये दोन ओळी लागतात: 'ऑटोलोड -यूझेड कॉम्पइनिट' (यू कॅपिटल, झेड स्मॉल) आणि त्याखाली नुसतं 'कॉम्पइनिट'.

एक गोष्ट लक्षात ठेवा

टॅब दाबूनही काहीच आलं नाही, तर बहुतेक वेळा नाव चुकलंय किंवा तुम्ही भलत्याच फोल्डरमध्ये आहात. पण नाव बरोबर आलं म्हणजे तुम्हाला हवी तीच फाइल आली, असं नाही. मालेगावऐवजी मानोरा आलं, तरी शेलच्या दृष्टीने ते बरोबरच. त्यामुळे एंटर दाबण्याआधी ओळ एकदा वाचाच.