‘इरिटेट’ कोण करतो, ‘इरिटेट’ कोण होतो?

आपल्या घराघरांतून हल्ली एक इंग्रजी शब्द सहज ऐकू येतो. अभ्यासाला बस म्हटले की मुलगी म्हणते, ‘‘आई, इरिटेट करू नकोस ना!’’ शब्द घरात आलाच आहे, तर त्याची नीट ओळख करून घेणे बरे, असे आम्हाला वाटते.

हा शब्द मूळचा लॅटिन. डिवचणे, चेतवणे हा त्याचा जुना अर्थ. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला आणि पुढे ‘चीड आणणे’ या अर्थाने रुळला. मात्र डॉक्टरांच्या कागदावर ‘स्किन इरिटेशन’ असे लिहिलेले असेल तर तिथे रागाचा संबंध नाही; कातडीची आग होणे, खाज सुटणे असा तो अर्थ. जीवशास्त्रात ‘इरिटॅबिलिटी’ म्हणजे बाहेरून डिवचले असता सजीवाने प्रतिसाद देणे. हात लागताच लाजाळूची पाने मिटतात, हे त्याचे सोपे उदाहरण. अल्ब्रेख्त फॉन हालर या शास्त्रज्ञाने १७५२ साली स्नायूंच्या याच गुणावर निबंध वाचला होता.

खरी अडचण येते ती वाक्यात. मराठीत आपण ‘मला वैताग आला’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत मात्र वैताग देणारा आणि वैतागणारा यांच्यासाठी शब्दाची रूपे वेगळी आहेत. ‘आय अ‍ॅम इरिटेटेड’ म्हणजे मी वैतागलो आहे. ‘आय अ‍ॅम इरिटेटिंग’ म्हणजे मी दुसऱ्याला वैताग आणणारा माणूस आहे! ‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’ यांचेही तसेच. मुलाखतीत ‘मला रिकामे बसण्याचा कंटाळा येतो’ असे सांगायला गेलेला तरुण ‘आय अ‍ॅम बोअरिंग’ म्हणाला, तर आपणच कंटाळवाणे आहोत असे तो सांगून बसतो. समोरचे हसतात आणि हुशार मुलगा पुढचे उत्तरही विसरतो.

खूण सोपी आहे. त्रास देणाऱ्याला ‘इंग’, त्रास होणाऱ्याला ‘एड’.

पालकांनी एवढे करावे : मूल चुकले तर हसू नये. रात्री जेवताना ‘इरिटेटिंग’ आणि ‘इरिटेटेड’ची दोन-दोन वाक्ये सर्वांनी मोठ्याने बोलावीत. ज्या आईला इंग्रजी येत नाही, तिनेही बोलावीत. आठवड्याभरात जिभेला वळण लागते.