संगणकांच्या जाळ्यावरील चाळणी

बंगळूरच्या पूर्व भागात, बाहेरील वर्तुळमार्गावर मारतहळ्ळी हे उपनगर आहे. त्याच्या परिसरात संगणकविषयक काम करणाऱ्या अनेक कंपन्या आहेत. अशा कंपनीतील शेकडो संगणक इंटरनेटशी जोडलेले असतात. घातक संकेतस्थळे त्यांच्यापर्यंत पोहोचू नयेत म्हणून वाटेत जी चाळणी बसवितात, तिला वेब फिल्टर म्हणतात. ती निवडावी कशी?

प्रथम ती काय पाहते, हे जाणून घेतले पाहिजे. टपालाचा दाखला घेऊ. पाकिटावरील पत्ता पाहून पत्र अडविता येते, तसेच पाकीट फोडून व मजकूर वाचूनही अडविता येते.

पहिल्या प्रकारची चाळणी केवळ संकेतस्थळाचे नाव पाहते. कोणतेही स्थळ गाठण्यापूर्वी संगणक त्याच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता विचारून घेतो. ही नामव्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली. निषिद्ध नावाचा पत्ता दिला नाही, की वाट बंद होते. ही पद्धत सोपी व जलद आहे. परंतु एकाच स्थळावरील चांगले व वाईट पान तिला निवडता येत नाही. शिवाय ही विचारणा गुप्तपणे करण्याची रीत २०१८ साली प्रमाणित झाली असून तिच्यामुळे चाळणीला वळसा घालता येतो.

दुसऱ्या प्रकारची चाळणी मजकूर तपासते. आज बहुतेक मजकूर सांकेतिक रूपात प्रवास करतो. तो उलगडण्यासाठी चाळणीला मध्यस्थ व्हावे लागते, व तिचे प्रमाणपत्र प्रत्येक संगणकावर बसवावे लागते. त्यामुळे लपलेला घातक कार्यक्रम सापडू शकतो; पण कर्मचाऱ्याचे बँकेचे वा रुग्णालयाचे व्यवहारही उघडे पडतात. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात दिला. हे हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध असले, तरी त्यामागील तत्त्व मालकानेही विसरू नये.

चाळणी चुकतेही. १९९६ साली अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या चाळणीने इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना नोंदणी नाकारली; कारण गावाच्या नावातच एक अश्लील शब्द दडलेला होता!

म्हणून खरेदीपूर्वी एखाद्या विभागात चाचणी घ्यावी. किती घातक स्थळे सुटली व किती उपयुक्त स्थळे विनाकारण अडली, हे दोन्ही मोजावे. बँका व रुग्णालये उलगडणीतून वगळता येतात काय, चूक त्वरित दुरुस्त होते काय, हेही पाहावे. तपासणीची कल्पना कर्मचाऱ्यांना आधी द्यावी. जेथे पत्ता पाहून भागते, तेथे पाकीट फोडू नये, हेच निवडीचे सूत्र होय.