झेडएक्स स्पेक्ट्रम: रंगांची काटकसर

जुने गेम खेळताना नायक झाडाजवळ गेला की झाडच नायकाच्या रंगाचं होतं, हे पाहिलंय का? ही 1982 सालच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या संगणकाची खासियत! क्लाइव्ह सिंक्लेअरच्या कंपनीचं हे ब्रिटिश मशीन 125 पौंडांना मिळायचं, 16 केबी मेमरीसकट.

आता हिशेब बघा. स्क्रीन 256 बाय 192 ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग द्यायचा, तर चित्रातच 24 केबी जाणार. म्हणजे अख्ख्या मेमरीपेक्षा जास्त! मग ठिपका फक्त चालू की बंद, एवढंच साठवलं: 6144 बाइट. रंग मात्र 8 बाय 8 ठिपक्यांच्या चौकोनाला मिळून एकच बाइट, अशा 768 चौकोनांसाठी 768 बाइट. त्यामुळे एका चौकोनात रंग दोनच, एक शाईचा, एक कागदाचा. तिसरा आला की झालाच गोंधळ.

कॅसेटवरून गेम लोड होतानाही हे दिसायचं. आधी चित्राच्या बाह्यरेषा उमटायच्या, आणि रंगांचे बाइट मेमरीत शेवटी असल्यानं रंग एकदम अखेरीस भरले जायचे. मला तर गेमपेक्षा हेच बघायला आवडतं.

हुशार प्रोग्रामरांनी यातून वाट काढली. 1984 च्या 'नाइट लोअर' या गेममध्ये खोलीतलं सगळं चित्र एकाच रंगात. त्रिमिती इतकी सुरेख की तक्रार करायला जागाच नाही.

आणि हो, ऐंशीच्या दशकात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं स्पेक्ट्रम प्लस परवाना घेऊन भारतातही विकला होता. कुणाच्या माळ्यावर असेल तर फोटो टाका!